शेवटचा बुडबुडा

लाल, बुटकी, दोनच माणसं मावतील अशी गाडी गॅरेजच्या दारात थांबली. थांबायला हवी होती त्याच्या चांगली हातभर पुढे. महामायेनं पाना खाली ठेवला.

"ब्रेक लागून नाही राह्यले का?"

"लागतात... पण आधी विचार करतात," आतला तरुण म्हणाला आणि स्वतःच हसला.

नाव संघर्ष. गाव साखरखेर्डा, नोकरी पुण्यात. हौसेनं घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार घरच्यांना दाखवून तो मित्राला भेटायला चिखलीत आला होता, संध्याकाळी पुण्याला निघायचं होतं आणि ब्रेकनं मान टाकली होती. डिकीत स्टीलच्या जाळीचे नवे ब्रेक पाइप होते, बसवायचे तेवढे राहून गेलेले. महामायेचे वडील माणिकराव वडनेरला लग्नाला गेलेले, म्हणून आज गॅरेज लेकीच्या हाती.

जुने रबरी पाइप फुगतात, पायाचा जोर वाया जातो. स्टीलची जाळी फुगू देत नाही. ती हे समजावत होती तेव्हा तो पाइपाकडे नाही, तिच्या गालावरच्या काळ्या डागाकडे पाहत होता. तिच्या लक्षात आलं. डाग तिनं पुसला नाही.

पाइप बसले. आता आतली हवा काढायची, आणि ते एकट्याचं काम नव्हे. तो पेडलवर, ती चाकापाशी, हवा बाहेर काढायची पारदर्शक नळी लावून.

"दाबा... धरून ठेवा. मी सांगतल्याबिगर पाय उचलू नोका."

त्यानं उचलला. हवा पुन्हा आत!

"चुकलं... परत?"

परत चुकलं. तिनं चाकाआडून मान काढली, तर स्वारी गालात हसत होती.

"मुद्दाम करून राह्यले ना तुमी?"

"हाव." पुण्याची भाषा एकदम गळून पडली. "काम झालं का मले जा लागते ना..."

महामायेलाही तेच सलत होतं — हा गेला की परत कशाला येतोय इथे! पण आवाज तिनं कडक ठेवला. "ब्रेकसंग मस्करी नोको. माणूस मरते."

तो ओशाळला. नंतर त्याचा पाय एकदाही चुकला नाही. "दाबा." "दाबलं." नळीतले बुडबुडे कमी होत गेले, उन्हं पत्र्यावरून उतरली, आणि ती आपली "अजून एकडाव" म्हणतच राहिली.

माणिकरावांचा नियम होता: ज्यानं ब्रेकला हात लावला, त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. तो त्याला सांगून ती शेजारी बसली. दोघांमध्ये वीतभर जागा. तुरीच्या शेतांमधल्या रिकाम्या रस्त्यावर त्यानं ब्रेक दाबला, आणि गाडी जिथल्या तिथे उभी राहिली.

"एक सांगू?" ती समोर बघतच म्हणाली. "मागच्या खेपाईले हवा नव्हतीच. काम कवाच झालं होतं."

"मंग मले काऊन बसवलं?"

"तुमाले जा लागलं असतं ना..."

त्यानं इंजिन बंद केलं.

"तुमचे बाबा कवा येतेत?"

"उद्या सकाळी. काऊन?"

"आज मी जात नाही. पहिल्या फेरीचा नियम त्यायचा हाये," तो हळूच म्हणाला, "बाकीच्या फेऱ्याईचं त्यायलेच इचारतो."