चाचपायची फळी

भावाच्या हातोड्याचा पहिला घाव बसला तसे फळीवरचे रंगीत मणी तुटून खाटेखाली घरंगळले… दुसऱ्या घावाला ताईनं बसवलेली मखमल फाटली!

भावाची मुलगी, चिमणी, बोलत नसे. जरा गोंगाट झाला की ती भिंतीवर डोकं आपटून घेई, आवरायला जाणाऱ्याला कडकडून चावे. म्हणून ताईनं ही चाचपायची फळी केली होती. मखमल, काथ्या, लोकर, ब्रशचे केस, दाराची जुनी कडी असं काय काय त्या फळीवर बसवून ती पार्टिशनला लावली होती. मखमलीवरून काथ्यावर, काथ्यावरून कडीवर बोटं फिरवता फिरवता पोरीचा श्वास संथ होई. भावजय गेली त्या दिवसापासून ताई आपलं शिवणाचं दुकान बंद करून इथंच राहिली होती. तिच्या स्वतःच्या संसाराचा विषय आता कुणी काढतही नसे.

काल संध्याकाळी याच फळीपाशी चिमणीचा तळवा रक्तबंबाळ झाला. कशानं, असं भावानं दरडावून विचारलं तेव्हा, माझी कात्री तिथं राहिली होती, असं ताईनं सांगितलं. ते धडधडीत खोटं होतं.

काथ्यातून एका स्क्रूचं टोक वर आलं होतं. भाऊ सुतार. कालच त्यानं पार्टिशनच्या पलीकडे कपाट बसवलं होतं आणि आखूड स्क्रू संपले म्हणून लांब मारले होते. ताईनं ते टोक पाहिलं आणि ओठ शिवले. भावजय पडून गेली ती त्यानं दुरुस्त केलेल्या शिडीवरूनच! त्यानंतर या वेड्यानं कारखान्यात चालू करवतीखाली स्वतःचा डावा हात धरला होता… डबा घेऊन गेलेल्या ताईनं मागून खेचला म्हणून दोन बोटांवर निभावलं. काम नसलं की तो हात खिशात असे, कुणाला शिवू देत नसे. आता पोरीचं रक्तही आपल्याच कामानं सांडलं हे कळलं, तर? भाऊ कामावर गेला की गुपचूप टोक घासून टाकू, असं तिनं ठरवलं होतं. पण आज सकाळी तो कामावर गेलाच नाही.

आईविना पोर म्हणून तिच्या जिवावर उठलीस का, असं तो ओरडत होता. तू नको नि तुझी फळीही नको, आजच्या आज चालती हो म्हणत होता. तिसऱ्या घावाला फळी उभी चिरली आणि धाडकन खाली आली.

त्या आवाजानं चिमणी किंचाळली. सवयीनं धावत आपल्या जागेशी आली, आणि तिथं उघडं पार्टिशन! तिनं कपाळ आपटलं… पुन्हा आपटायला मान मागं घेतली, तेवढ्यात ताईनं झेप घेऊन मध्ये तळवा घातला. पोरीचं डोकं दाणकन त्यावर आदळलं आणि पार्टिशनमधून आलेलं स्क्रूचं टोक ताईच्या हातात रुतलं. चिमणी तिच्या दंडाला चावली, बाही टरकली, आणि आतले जुने, हिरवेनिळे व्रण उघडे पडले.

भावानं पोरीला ओढून मागं घेतलं. ताईनं हात सोडवला तसं रक्तानं माखलेलं ते टोक त्याला दिसलं. स्वतःचा स्क्रू ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"हा मी मारलाय," तो म्हणाला. "तुला माहीत होतं?"

"आधी पोरीला नीट धर."

"शिव्या खाल्ल्यास, पण बोलली का नाहीस, ताई?"

"तुझी उरलेली बोटं मला हवीत म्हणून!" इतका वेळ दाबलेला हुंदका आता फुटला. "त्या करवतीपाशी मला पुन्हा नाही धावायचं रे."

त्याच्या हातून हातोडा गळला. पोरीला घट्ट धरून तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. चिमणीचे हात चाचपडत होते, भिंतीवर, जमिनीवर, त्याच्या शर्टावर… आणि त्या डाव्या हातावर येऊन थांबले. एक थोटं बोट गुळगुळीत, दुसरं खरखरीत. ती बोट फिरवू लागली, यावरून त्यावर, त्यावरून यावर. त्यानं हात खिशात नेला नाही.

ताईनं फाटलेली मखमल उचलून दातानं पट्टी फाडली आणि तळव्याला गुंडाळली.

"कपाट उतरवतो," भाऊ खालच्या मानेनं म्हणाला. "तू जाऊ नकोस."

चिमणीनं दुसरा हात लांब करून आत्याची ती पट्टी चाचपली. मग दोघांचेही हात धरून ती तशीच बसून राहिली.