बनाबाईंच्या पेशी

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतलं माझं काम ऐकायला साधंच. यकृताच्या जिवंत पेशी ताटलीतल्या खळग्यांत जगवायच्या, त्यांवर नवं औषध घालायचं आणि पेशींतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ते औषध किती वेगानं फोडतात, हे मोजायचं. औषध माणसाच्या अंगात साचून राहणार की निघून जाणार, हे त्यावरून कळतं.

त्या आठवड्यातल्या पेशी आजऱ्याकडच्या बनाबाईंच्या होत्या. त्या अपघातात गेल्या. यकृत दुसऱ्याला बसवण्याजोगं नव्हतं, म्हणून नवऱ्यानं, हंबीररावांनी, ते संशोधनाला दिलं. एरवी आम्हाला नावं कळत नाहीत. पण एका दुपारी हंबीरराव स्वतःच दारात येऊन उभे राहिले. एकदा बघू द्या, एवढंच त्यांचं मागणं.

मला अवघडल्यासारखं झालं. पेशी सकाळपासून मरत चालल्या होत्या, विकरांचं काम जवळपास थांबलं होतं. तरी मी हंबीररावांना आतल्या बिनखिडकीच्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. ते डोळा लावतायत तोच वीज गेली.

मिट्ट काळोख. यंत्रांची घरघर विरत गेली. आणि मग वास आला... भाजलेल्या काजूचा, टरफलाच्या धुराचा. त्या बंद खोलीत.

"ताई," हंबीरराव हळूच म्हणाले, "कोण हाय हितं?"

"आपण दोघंच..."

माझ्या मानेवर ऊब जाणवत होती, कुणीतरी मागून वाकून बघत असावं तशी. मला हलता येईना.

"बने," ते काळोखाला म्हणाले, "दमलीस व्हय? जरा कळ काढ की... कुणाच्या तरी उपेगी पडशील."

वीज आली तेव्हा वास गेला होता. डोळे पुसत त्यांनी सांगितलं, की बनाबाई जन्मभर काजूच्या कारखान्यात राबल्या. त्यांच्या पदराला हाच वास यायचा.

संध्याकाळी मी पुन्हा मोजलं. विकरं जोमानं कामाला लागली होती, औषध भराभर फुटत होतं. पुढं दुसऱ्या दात्यांच्या पेशींवर पडताळलं, तेव्हाही तेच दिसलं. औषध पुढच्या चाचण्यांना गेलं. मी हंबीररावांना फोन केला.

"मग ती वाया न्हाय गेली," एवढंच ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. प्रत्येक ताटलीत एक खळगा आम्ही पेशींविना ठेवतो. तिथं ते फोडणारं काही नसतं, म्हणून औषध होतं तेवढंच उरायला हवं. त्या संध्याकाळी त्या खळग्यातलं औषधही संपलं होतं. मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिलं. तळाशी एकही पेशी नव्हती.