चार बोटं उंच पाणी

"औषध दिलं, राख टाकली, नवी जाळी ठोकली. आता काय अंगाई गाऊ यांना?"

काका खुराड्यापाशी उकिडवा बसून स्वतःशीच कुरकुरत होता. फळ्यांच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, ताई, तिचा धाकटा भाऊ भोपळ्या आणि शेजारची टकळी श्वास रोखून बसले होते. काका उठला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळून म्हणाला, "वहिनी, चारला पोल्ट्रीवाला येतोय. सगळ्या घेऊन जाईल. फोनवर म्हणाला, साथ असणार, एकही ठेवू नका."

आत आईने नळ बंद केल्याचा आवाज आला.

महिन्यापूर्वी काम सुटल्यापासून काका घरीच होता, आणि घरात त्याला कुणी काही बोलत नसे. शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी त्याने आठ कोंबड्या आणल्या. पाच दांडग्या तांबड्या आणि तीन बुटक्या पांढऱ्या. "कोंबड्या पाळणं म्हणजे हातचा मळ," असं तेव्हा त्याने जाहीर केलं होतं. काल दोन बुटक्या मेल्या. उरलेली चिमटी, जी रोज ताईच्या ओंजळीत येऊन बसायची, ती आता पंख पसरून, चोच उघडी टाकून कोपऱ्यात पडली होती.

"साडेतीन झाले," ताई म्हणाली. "अर्ध्या तासात काय होणार?"

"ताई, साथीला उंची कळते का गं?" भोपळ्याने विचारलं.

"काहीतरीच काय?"

"मग बुटक्याच का मरतात? दांडग्या बघ, कुस्ती खेळतील अशा आहेत."

"मला गोवर आला होता तेव्हा दादाला नव्हता आला, कारण तो मामाकडे होता, आणि मामाकडे ना..."

"टकळे, गप्प बस जरा," ताई म्हणाली.

भोपळ्या नळावर चिखलाचे पाय धुऊन खुराड्यात शिरला. चिमटीने डोळे उघडले. ती फरफटत पुढे आली आणि तिने त्याच्या ओल्या अंगठ्यावर चोच मारली. मग पुन्हा. पुन्हा.

"चावतेय ही!"

"चावत नाहीये," ताई हळूच म्हणाली. "पाणी पितेय."

तिघांनी एकदम वर पाहिलं. दांडग्या पाण्यात माती उडवतात म्हणून तीन दिवसांपूर्वी पाण्याचं भांडं आकड्याला टांगलं होतं, नेमकं त्यांच्या पाठीच्या उंचीवर. ताईने आत येऊन चिमटीला त्याखाली उभं धरलं. चिमटीने मान ताणली. चोच चार बोटं खाली राहिली.

तेवढ्यात, चार वाजायच्या आधीच, फाटक करकरलं.

"टकळे, आता बोल. हवं तेवढं बोल!" ताई म्हणाली.

टकळी धावली. पोल्ट्रीवाल्याला हातातला पिंजरा खाली ठेवायलाही न देता तिने गोवर, दादा आणि मामा सुरू केले. इकडे ताईने आतून कडी घातली आणि बोटाने चिमटीच्या चोचीवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब ओघळून गेला. दुसराही गेला. चिमटीची मान तिच्या मनगटावर लुळी पडली.

"ताई, बाहेर ये." काका दाराशी आला होता. "हट्ट करू नकोस."

"नाही येणार."

"बाळा, ती जाणारच आहे."

डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसून ताईने तिसरा थेंब सोडला. चिमटीचा गळा हलला. चौथा थेंब तिने गिळला. पाचव्यासाठी तिने स्वतःच चोच उघडली.

गोवरातून कसाबसा सुटलेला पोल्ट्रीवाला जाळीतून बघत राहिला. चिमटीकडे, मग भांड्याकडे.

"साथबीथ काही नाही हो. तहानली आहे ती. न बघताच बोललो मी, चुकलंच." त्याने रिकामा पिंजरा पाठीमागे सरकवला. "पोरं माझ्यापेक्षा हुशार निघाली. लहानमोठ्या एकत्र पाळायच्या तर पाणी सगळ्यांत बुटकीला पुरेल असं ठेवायचं असतं. इतकं उंच टांगलं कुणी?"

स्वयंपाकघरातून बाहेर आलेली आई कोरडेच हात पुन्हा पदराला पुसू लागली. "ऊनही फार आहे यंदा," ती म्हणाली. भोपळ्या स्वतःचा अंगठा बघत राहिला. टकळीसुद्धा गप्प झाली.

ताईने कडी काढली. काका वाकून आत आला, त्याने भांडं आकड्यावरून काढलं आणि चिमटीसमोर जमिनीवर ठेवलं. उठला मात्र नाही.

"मी टांगलं," तो म्हणाला. "त्या दोघी माझ्यामुळे गेल्या. कोंबड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही."