जवळची वाट वाकडी दिसते

“बाई, तुमचो ह्यो नकाशो खोटो आसा!”

देवगडच्या झेरॉक्सच्या दुकानात मागून आवाज आला आणि इफ्रा दचकलीच. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या, म्हणजे आपल्याच हातातल्या जगाच्या नकाशाला खोटा म्हणणारा हा कोण टिकोजी? वळली, तर एक उंच तरुण. मुनीर नाव, जहाजावर अधिकारी, सुट्टीवर आलेला. डोळे असे मिश्कील की... रागवायचंच राहून गेलं.

“खोटो कसो?”

“ह्यो फक्त दिशा सांभाळता, उत्तरेकडचा जग ताणून मोठा करता. आमी जवळची वाट दुसऱ्या नकाशार आखतंव, थंय ती सरळ दिसता. मगे तुकडे करून ह्याच्यार उतरवतंव.”

“इतको खटाटोप?”

“जवळ पोचाक करूचो लागता,” तो म्हणाला आणि बघतच राहिला.

सुट्टी संपली तेव्हा त्याने शब्द दिला, “अमेरिकेसून जपान, थंयसून विमानान घर. सगळ्यात जवळच्या वाटेन येतंय. मगे तुझ्या अब्बांका विचारतंय.”

आणि आता हे! रत्नागिरीहून सांगून आलेल्या स्थळाला उद्या जबाब द्यायचा, आणि फोनमध्ये जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर मुनीरचं जहाज जपानची सरळ वाट सोडून वर उत्तरेला निघालेलं! इफ्राच्या काळजात धस्स झालं. तिने लिहिलं, “खंय चल्लस? माझ्यापासून लांब जाऊचा आसात तर तसा सांग!”

तासाभराने उत्तर आलं — “बाई… शाळेत पृथ्वीगोल आसा मा? दोरी ताणून बघ.”

शाळेत जाऊन तिने पृथ्वीगोलावर गळाची दोरी अमेरिकेपासून जपानपर्यंत धरली, घट्ट ओढली... आणि दोरी आपोआप वर सरकली! अगदी जहाज दिसत होतं तिथूनच गेली. या अल्लाह! मुलांना पृथ्वी गोल आहे म्हणून शिकवणारी आपण, आणि स्वतःच्या जिवावर बेतल्यावर सपाट कागदावर विश्वास ठेवला!

पृथ्वीगोल काखेत मारून ती घरी पळाली. ओट्यावर अब्बा फोन हातात घेऊन बसलेले. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस.

“अब्बा, त्या स्थळाक... म्हणजे उद्या... माका वाटता...”

“मुनीरचा जहाज बरा चल्लाहा,” अब्बा मान वर न करता म्हणाले. “जवळची वाट धरल्यान.”

इफ्राने वाकून पाहिलं. अब्बांच्या फोनवर तेच ॲप, तेच जहाज!

“तुमका... कसा कळला?”

“तुझो फोन रोज जेवताना ताटाशेजारी उघडोच आसता, त्याच्या निरोपांसकट. दर्यात वाट वाकडी दिसली तरी चलता, बाये. माझ्यासमोर नको. सरळ बोल.”

तिने पृथ्वीगोल ओट्यावर ठेवला.

“माका मुनीरच होयो!”

अब्बांनी चष्मा नीट केला आणि रत्नागिरीचा नंबर लावला.