पायथ्याचा दगड नसलेली कबर

"हा ओढा तिसऱ्यांदा ओलांडतोय आपण!" ड्वेनने भिजलेला बूट झटकला. "ओर्लीना, तुझ्या त्या दगडाची केव्हाच कुणीतरी पायरी केली असणार!"

ओर्लीना रडकुंडीला आली होती. सुट्टी लागल्यापासून ती, चुलतभाऊ ड्वेन आणि शेजारची मेव्हिस डोंगर पालथा घालत होती. दोनशे वर्षांपूर्वी कचेरी डोंगरापलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर होती, म्हणून इथल्या लोकांनी वेगळी काउंटी, म्हणजे आपला वेगळा जिल्हा, मागून घेतली आणि हद्दीच्या कोपऱ्यावर दगड रोवला. तोच आता सापडेना! सोमवारपर्यंत मिळाला नाही, तर ओर्लीनाचं घर पलीकडच्या काउंटीत जाणार आणि शाळाही पलीकडची. बसने दीड तास!

मोजणीदार हॉबर्टकाका मात्र गाडीच्या टपावर नकाशा पसरून खुशाल मक्याचा पाव खात होते. "दस्तात काय लिहिलंय? झऱ्यापासून चाळीस काठ्यांवर, म्हणजे सहाशे साठ फुटांवर, फुली कोरलेला दगड. तिथे तर नुसत्या कबरी! हलवला कुणीतरी. जा, उद्याच्या फुलांच्या रविवारची तयारी करा."

"गाडीतून उतरले तरी होते का?" मेव्हिस पुटपुटली.

रविवारी सगळं गाव टेकडीवर कबरींना फुलं वाहायला जमलं. ओर्लीना धुसफुसतच कोपऱ्यातल्या 'अनाम बाळा'च्या कबरीपाशी गेली, दरवर्षीसारखी प्रार्थना म्हणाली आणि थबकली.

"ड्वेन! कबरीला दगड किती असतात?"

"दोन. उशाशी एक, पायथ्याशी एक. हे काय विचारणं झालं?"

"मग बाळाच्या पायथ्याचा कुठाय? आणि इथे सगळ्यांना पूर्वेकडे पाय करून पुरलंय, मग हा दगडच तिरका का?"

मेव्हिसने नखांनी शेवाळ खरवडलं. खाली छिन्नीने कोरलेली फुली!

"पोरखेळ!" हॉबर्टकाका गुरगुरले.

"मग मोजा ना!" तिघं एकदमच ओरडली.

काकांनी झऱ्यापासून मोजणीची साखळी ताणत आणली. चाळिसावी काठी दगडालाच टेकली. काकांनी टोपी काढली. "चुकलो, पोरांनो. कबरस्तान नंतर झालं, आणि हा हद्दीचा दगडच लोकांना बाळाची कबर वाटला. दगड जागचा हललाच नव्हता."

"अगं बाई! सत्तर वर्षं मी या बाळासाठी रडतेय!" म्हाताऱ्या झेल्माआजी डोळे पुसता पुसता हसू लागल्या. "पोरांनो, देवाने डोळे दिले ते तुम्ही वापरलेत. आम्ही नुसतेच मिटून बसलो!"

ड्वेन फुलं उचलायला वाकला.

"राहू दे," ओर्लीना हळूच म्हणाली. "याच्यामुळेच मी इथली आहे."