वीस सेकंद

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मी मीठमिरची लावतोय असं म्हणू नका. खुद्द रचनानं मला सांगितली, आणि रचना म्हणजे भुताखेताचा विषय निघाला की हसून उठून जाणारी.

मार्च २००९. गोंदियातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. वेळ रात्रीची नाही... भर दुपारची, दीड वाजताची.

त्या लॅबमध्ये आठ कॉम्प्युटर एकमेकांना जोडून एकाच कामाला जुंपले होते. ते सगळे चालू आहेत ना, यावर नजर ठेवणारा प्रोग्राम रचनाचा मोठा भाऊ विवेक लिहीत होता. नाव ठेवलं होतं 'हालहवाल'. प्रोग्राम मशीनला हाक मारायचा, मशीन म्हणायची 'आहे', की पुढची.

जानेवारीत तिरोडा रोडवर ट्रकनं विवेकच्या मोटरसायकलला उडवलं. तो जागीच गेला.

अर्धवट प्रोग्राम त्याच कॉलेजात शिकणाऱ्या रचनाकडे आला. काम उरलं होतं ते ऑप्शन ठरवायचं. म्हणजे कमांडपुढे काय काय लिहिता येईल, त्याचा अर्थ काय, आणि कोणी काहीच लिहिलं नाही तर प्रोग्रामनं स्वतःहून काय धरायचं.

पण रचनाचं चित्त तिरोड्याच्या घरी. माय, कलाबाई, जेवत नव्हती.

विवेक रोज दीड वाजता घरी फोन करायचा. "माय, जेवली का?" एवढंच विचारायचा. मग ती ताट घ्यायची. तो गेला तरी ती दीड वाजता स्वयंपाकघरात झाकलेल्या ताटापाशी बसायची, आणि फोन आला नाही की ताट उचलून ठेवायची. संध्याकाळी कसेबसे दोन घास, तेही बाबांनी, यादोरावांनी, हातापाया पडून भरवलेले. दोन महिन्यांत नुसती काडी झाली. असंच चाललं तर पावसाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी रचना 'वेट' या ऑप्शनपाशी आली. उत्तरासाठी किती सेकंद थांबायचं?

विवेकनं शून्य ठेवलं होतं. शून्य म्हणजे मर्यादाच नाही, उत्तर येईपर्यंत थांबायचं. बाजूला त्याची टीप होती... 'एखादी मशीन मायसारखी गुडघ्यानं हळू असली तर? थांबाचं.'

माय पुढच्या खोलीतल्या फोनपर्यंत येईस्तोवर तो घंटी वाजू द्यायचा. रचना खूप रडली. मग डोळे पुसून तिनं प्रोग्राम चालवला.

दीड वाजला होता.

एक... आहे. दोन... आहे. असं करत आठ.

आणि खाली नववी ओळ आली.

तिरोडा...

यादीत आठच नावं होती. तिनं चारदा पाहिली. स्क्रीनवरचा ठिपका लुकलुकत राहिला. एक मिनिट... दोन मिनिटं...

आहे.

तिनं घरी फोन लावला. एंगेज. दहा मिनिटांनी यादोरावांनी उचलला.

"तुयी माय जेवून राहिली पोरी," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. "फोन आला म्हणते. कोणी बोललं नाई, पन विवेकच होता म्हणते."

मग हे रोजचंच झालं. दीड वाजता रचना कमांड द्यायची, नववी ओळ यायची, तिकडे घंटी वाजायची, माय जेवायची. अकरा दिवसांत मायच्या गालावर थोडं मांस चढलं. रचनाला भीती वाटायची. पण भीतीपेक्षा माय मोठी.

बाराव्या दिवशी विभागप्रमुख दुलीचंद सर काम तपासायला बसले. त्यांचं चुकत नव्हतं. एक मशीन मेली तर प्रोग्राम तिच्याच दारात बसून राहील, बाकीच्यांकडे कोण बघणार?

"मरी हुई मशीन के लिए कब तक रुकोगी, बेटा? बीस सेकंद डालो."

रचनानं वीस टाकले. नाही म्हणता आलं असतं, असं ती आजही म्हणते. पण मनातून कुठंतरी तिलाही हे थांबायला हवं होतं.

दीड वाजला. आठही मशीन 'आहे' म्हणाल्या.

तिरोडा...

अठरा... एकोणीस...

'उत्तर नाही. यादीतून काढलं.'

रचनानं धडपडत वीसचं पुन्हा शून्य केलं. प्रोग्राम चालवला. आठ ओळी. पुन्हा चालवला.

आठच.

संध्याकाळच्या गाडीनं ती घरी पोचली. स्वयंपाकघरात ताट झाकलेलंच होतं. माय पुढच्या खोलीत फोनखाली जमिनीवर बसली होती.

"आज तो थांबला नाई वो," माय म्हणाली. "मी येऊनच राहिली होती. काऊन ठेवला असंन? रागावला का माह्यावर?"

रचनानं स्वयंपाकघरातलं ताट आणून तिच्यापुढे ठेवलं.

कलाबाई जुलैत गेल्या. पोरगा रागावला, असंच समजून गेल्या.

रचना आता नागपुरात आमच्या ऑफिसात आहे, असेच प्रोग्राम लिहिते. थांबायचे सेकंद टाकायची वेळ आली की कीबोर्ड माझ्याकडे सरकवते. आणि दुपारी दीड वाजेपर्यंत डबा उघडत नाही. मोबाइल समोर ठेवून बसते.

कोणाची वाट बघतेस, असं मी एकदाच विचारलं, तेव्हा तिनं ही सगळी गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून मीही माझा डबा दीडच्या आधी उघडलेला नाही...