पाव इंचातली लेम्पी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मी यात पदरचं काही घातलेलं नाही. आयली रौतिओ सव्वीस वर्षं माझी शेजारीण आहे. तिने हे मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी आमचं गाव आहे. २०१४ सालचा फेब्रुवारी. गुरुवार. दुपारपासून हिमवादळ सुरू होतं आणि रस्ता बंद झाल्याचं रेडिओवर सांगून झालं होतं.

आयली तेव्हा सत्तरीची. नवरा आर्वो जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं फोटो मढवायचं दुकान. शनिवारी जुन्या शाळेत गावच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. चाळीस फोटो. एकोणचाळीस तयार होते.

चाळिसावा एइनो लाम्पीचा.

एइनो त्र्याण्णव वर्षांचा, एकटा राहणारा म्हातारा. सोमवारी काठी टेकत आला होता. छातीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो. १९३१ साली त्याच शाळेसमोर काढलेला. तीन ओळींत बावीस मुलं… आणि अगदी डाव्या कडेला, सगळ्यांपासून लांब, अर्धीच आलेली एक मुलगी.

"ही लेम्पी. माझी धाकटी बहीण."

"मग ओळीत का नाही?"

"उवा झाल्या होत्या. आईने डोकं भादरलं होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, तू बाजूला हो. फोटोवाल्याच्या चुकीने अर्धी तरी आली. तेवढीच आहे माझ्याकडे. त्याच हिवाळ्यात गेली ती."

आयलीने फोटो दिव्याखाली धरला. मुलीचा एक डोळा, एक खांदा, एक हात. जेमतेम पाव इंच.

"मला आता धड दिसत नाही, पोरी," एइनो म्हणाला. "पण तिला झाकू नकोस. एकदा बाजूला काढलीय. पुन्हा नको."

"नाही झाकणार, एइनोकाका. शब्द दिला."

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच घडलं.

जुना फोटो काचेला थेट टेकवायचा नसतो. ओल धरतो आणि काचेला चिकटतो. म्हणून मधे जाड पुठ्ठा घालायचा आणि त्या पुठ्ठ्यात खिडकी कापायची. फोटो मागे राहतो, खिडकीतून दिसतो. खिडकी फोटोपेक्षा जराशी लहान कापतात, म्हणजे फोटोच्या कडा पुठ्ठ्याखाली झाकल्या जातात. किती झाकायच्या?

चारी बाजूंनी पाव इंच.

आयलीने एकोणचाळीस खिडक्या अशाच कापल्या होत्या. चाळिसावीला हात आपसूक चालला. गव्हाच्या खळीने पातळ कागदाच्या दोन पट्ट्या लावून तिने फोटो वरच्या कडेला टांगला, काच बसवली, फ्रेम मागून बंद केली. मग उलटी करून पाहिली.

बावीस मुलं.

लेम्पी नव्हती.

चूक तिच्या तत्काळ लक्षात आली. पण पुठ्ठ्याचा तो शेवटचा ताव होता. त्याच खिडकीची डावी बाजू वाढवायची, तर डावीकडचा पुठ्ठा कमी दिसणार, उजवीकडचा जास्त. वाकडं काम. चाळीस वर्षांत असं काम तिच्या दुकानातून बाहेर गेलं नव्हतं.

तिने प्रदर्शन भरवणाऱ्या व्हर्नाला फोन लावला.

"अगं, राहू दे की!" व्हर्ना म्हणाली. "एइनोला स्वतःचं नाक दिसत नाही, तो पाव इंच कुठून बघणार? तुझा आर्वो म्हणायचा ते खोटं नाही. स्वर्गात गेलीस तरी आधी दार सरळ बसवलंय का ते बघशील."

आयली हसली. फोन ठेवला. फ्रेम भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि कॉफी ठेवायला आत गेली.

साडेपाच वाजले होते. बाहेर सगळं पांढरंकरडं. रेडिओवर हळू आवाजात व्हायोलिन चाललं होतं.

आणि…

खर्र.

उंदीर असेल, तिला वाटलं.

खर्र… खर्र…

तिने रेडिओ बंद केला. वाराही नेमका थांबला. घरात इतकी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोठी वाटू लागली.

मग पुन्हा. पुठ्ठ्यावर नख ओढावं तसं. हळू. थांबून थांबून. जणू करणारं दमलंय.

आवाज पुढच्या खोलीतून येत होता.

ती दारात उभी राहिली. आवाज बंद झाला. फ्रेम होती तशीच, भिंतीकडे तोंड करून.

आयलीने ती उचलली. हाताला गार लागली. खोलीत शेगडी धगधगत होती, आणि फ्रेम मात्र बाहेर बर्फात ठेवल्यासारखी गार.

काचेवर, डाव्या कडेजवळ, एक धुरकट ठिपका होता. नाण्याएवढा.

तिने बाहीने पुसला. गेला नाही.

पुन्हा पुसला.

तेव्हा तिला कळलं… ठिपका आतून होता.

ती बघत असतानाच तो जरा लहान झाला.

मग पुन्हा मोठा झाला.

कोणी श्वास घ्यावा आणि सोडावा, तसा.

"थांब," आयली म्हणाली. कोणाला, ते तिलाही ठाऊक नाही. "थांब गं बाळ. उघडते."

तिने फ्रेम उघडली. फोटो कोरडा. खळ कोरडी. पट्ट्या जागच्या जागी. तिने मोजपट्टी लावली, पातं धरलं आणि खिडकीची डावी कड पाव इंचाने कापून टाकली. सरळ कापली की वाकडी, हेही तिने पाहिलं नाही.

कापलेली चिंधीएवढी पट्टी टेबलावर उलटी पडली.

पट्टीच्या मागच्या बाजूला, जी फोटोकडे असते तिथे… बारीक ओरखडे होते. अगदी एकमेकांजवळ. सगळे एकाच जागी, तळाशी.

तो ताव तिने त्याच दुपारी गठ्ठ्यातून कोरा काढला होता.

शनिवारी रस्ता उघडला. एइनो आला. फोटोसमोर उभा राहून त्याने खिशातून भिंग काढलं आणि नाक काचेला लावलं. भिंग हळूहळू डाव्या कडेपर्यंत नेलं.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "आलीय."

मागून व्हर्ना कुजबुजली, "डावीकडे कमी, उजवीकडे जास्त! आयली, तुझी तब्येत बरी आहे ना?"

एइनोला बाकावर बसवून आयलीने सगळं कबूल केलं. झाकली होती ते. तशीच ठेवून दिली होती तेही. मग ती पट्टी त्याच्या हातात दिली.

एइनोने बोट फिरवलं. एकदा. परत एकदा. मग काठी उचलून शाळेच्या दाराकडे दाखवली.

"त्या दारावर असेच ओरखडे होते. खाली, एवढ्या उंचीवर. नंतर रंग देऊन टाकला."

"कसले?"

"ती हातमोजे विसरली म्हणून संध्याकाळी शाळेत परत गेली होती. अशाच वादळात. मास्तरीणबाई मागच्या खोलीत राहायच्या. आतच होत्या. रेडिओ लावून बसल्या होत्या. ऐकूच गेलं नाही गं त्यांना. सकाळी दार उघडलं तेव्हा…"

पट्टी त्याने खिशात ठेवली. पुढच्या शरदात एइनो गेला, तेव्हाही ती त्याच्याच खिशात होती म्हणतात.

यात काय खरं, काय भास, ते मला विचारू नका. आयलीलाही सांगता येत नाही. तिला एवढंच कळतं, की चाळीस वर्षं तिने या गावातल्या घराघरांतले फोटो मढवले. हजारो. आणि प्रत्येकाच्या चारी कडा पाव इंच झाकल्या. कोण कोण होतं त्या कडांवर, कोणी पाहिलंय?

तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एक फोटो आहे. गोठलेल्या सरोवरावर आर्वो, हातात मासा. तिनेच मढवलेला. उजव्या कडेला कोणीतरी उभं होतं, एवढं तिला आठवतं.

कोण, ते आठवत नाही.

अजून त्यातून आवाज आलेला नाही. उघडून बघायचा धीरही तिला होत नाही.

पण हिवाळा लागला, की आयली संध्याकाळी रेडिओ लावत नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, एवढं घर, एकटी तू. आवाज असला की बरं वाटतं."

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण कोणी हाक मारली, आणि मला ऐकूच गेलं नाही तर?"